कायद्याच्या प्रवेशपरीक्षेतील कमी गुण आणि आपले कर्तव्य

(जिल्ह्याच्या ठिकाणी वकिली करणाऱ्या एका कार्यकर्त्याने विद्यार्थी व पालक यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या सभेसाठी मला विषय विचारण्यात आला तेव्हा मी म्हणालो की, यशस्वी विद्यार्थ्यांच्या सत्काराला वक्ते पुष्कळ मिळतील. ज्यांचा सत्कार होणार नाही त्यांच्यासाठी मला बोलू द्यावे. या सभागृहात असे काही तरुण व तरुणी बसलेल्या आहेत की, ज्यांनी यंदा कायद्याच्या अभ्यासक्रमाची प्रवेशपरीक्षा दिली आणि ज्यांच्या हाती अपेक्षेपेक्षा फार कमी गुण आले. त्यांच्या शेजारी त्यांचे आईबाप बसले आहेत. मुले खाली मान घालून आहेत व पालक मुलांकडे पाहावयाचे टाळीत आहेत, हे मला येथून स्पष्ट दिसते. आजचे माझे भाषण या दोघांसाठी आहे.

मी प्रथमच कबूल करितो की, या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार यशाने मिळालेला नाही. कायद्याच्या पहिल्या वर्षी करारविषयक कायद्याच्या प्रश्नपत्रिकेत मी नापास झालो होतो. ती गुणपत्रिका मी पंधरा दिवस ट्रंकेच्या तळाशी दडवून ठेविली. वडिलांना ती सापडली तेव्हा ते एवढेच म्हणाले, "कागद लपवून कर्ज फिटत नाही, बाबा." त्यांना अक्षरओळख नव्हती, पण सावकाराच्या कागदाचा अनुभव होता. त्या वाक्याने मला जे शिकविले तेच आज मी तुमच्यापुढे विस्ताराने मांडणार आहे. कागद काढा, उजेडात ठेवा, आणि तो नीट वाचा.

दोन वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. मुलगी पदवीधर. तिने तीन वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमासाठी राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची परीक्षा दिली होती आणि तिला ५८ पर्सेंटाइल मिळाले होते. घरात आठ दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नव्हते. वडील म्हणाले, "साहेब, हिला बारावीला ७८ टक्के होते. आता ५८ वर आली. डोके चालेनासे झाले असेल. पुरे झाले शिक्षण, स्थळ पाहतो." आणि शेजारच्या एका बाईंनी तिच्या आईला सांगितले होते की, तुम्ही घरातले देव विसर्जित केले, देवीचा नवस बंद केला, त्याचे हे फळ आहे. आईचा जीव त्या बोलण्याने खालीवर होत होता.

बंधूंनो, ज्या कुटुंबाने नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्याच्या दारात अपयश आले की त्याच्या पाठोपाठ हा प्रश्न येतोच. तुम्हांपैकी कित्येकांनी तो ऐकला असेल. त्याला रागाने उत्तर देऊ नका, विचाराने द्या. त्याच गल्लीत देवघर असलेल्या घरांतील मुलांनाही कमी गुण मिळाले होते की नाही, एवढे विचारा. ज्या धम्माचा आपण स्वीकार केला आहे तो सांगतो की, प्रत्येक गोष्ट कारणाने घडते आणि कारण दूर केले की तिचा निरोध होतो. तेव्हा देवी कोपली की काय हे विचारण्याचे कारण नाही; गुण कोठे गेले, हे विचारावयाचे आहे. हा प्रश्न कठीण आहे, कारण त्याचे उत्तर शोधावे लागते. पण त्याचे उत्तर सापडते, हाच त्याचा मोठा गुण आहे.

आम्ही तसेच केले. प्रथम त्या आकड्याचा अर्थ लाविला. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, ही गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते. टक्के म्हणजे शंभर गुणांपैकी किती मिळाले ते. पर्सेंटाइल म्हणजे शंभर परीक्षार्थींपैकी किती जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळाले ते. ही परीक्षा अनेक सत्रांत होते, एका सत्राची प्रश्नपत्रिका दुसऱ्या सत्राहून थोडी कठीण असू शकते, म्हणून गुणांची तुलना अशा रीतीने करितात. ५८ पर्सेंटाइल म्हणजे शंभरांतील ५८ जण तिच्या बरोबरीचे किंवा तिच्या मागे होते. बारावीच्या ७८ टक्क्यांशी या आकड्याची तुलना करणे म्हणजे शेराने कापड मोजण्यासारखे आहे. वडिलांना हे समजले तेव्हा त्यांच्या कपाळावरची अर्धी आठी तेथेच मोडली.

नंतर आम्ही तिची उत्तरे पाहिली. परीक्षा संगणकावर होते, आणि कक्ष परीक्षार्थीला त्याने दिलेली उत्तरे व बरोबर उत्तरांची सूची पाहावयास देतो. चूक वाटल्यास आक्षेप नोंदविण्यास मुदतही देतो. ही मुदत थोड्या दिवसांची असते. निकाल वाईट लागेल या भीतीने ज्यांनी तो तक्ता उघडूनच पाहिला नाही, असे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांनी आपला पुरावा आपल्याच हाताने नाहीसा होऊ दिला.

या मुलीच्या प्रश्नपत्रिकेत १२० प्रश्न होते व १२० गुण होते. कायदेविषयक अभियोग्यतेला २४, सामान्य ज्ञान व चालू घडामोडींना ३२, तर्कशक्तीला २४ आणि इंग्रजीला ४०, अशी विभागणी होती. तिची बरोबर उत्तरे ५७, चुकलेली ३७, आणि २६ प्रश्न तिने मुळी सोडविलेच नव्हते. मी विचारले, "हे रिकामे का ठेविलेस?" ती म्हणाली, "चुकले तर गुण कापतील म्हणून." आता, या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत! चार पर्यायांपैकी डोळे मिटून एक निवडला तरी २६ प्रश्नांत सरासरीने सहा-सात उत्तरे बरोबर यावयाची. तिला हा नियम कोणी सांगितला नव्हता. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या क्लॅट परीक्षेत चुकीमागे पाव गुण कापतात. तेथील नियम तिने येथे लाविला. हे बुद्धीचे अपयश आहे काय? हे माहितीचे अपयश आहे. ज्या घरात पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी अशा परीक्षेला बसते, तेथे नियम सांगणारा थोरला भाऊ नसतो, काका वकील नसतो. ही उणीव त्या मुलीची नव्हे, आपणा सर्वांची आहे.

कायदेविषयक प्रश्नांत तिचे आठ चुकले होते. त्यांतील पाच असे होते की, प्रश्नातील 'अपवाद' किंवा 'नाही' हा शब्द तिने घाईत वाचलाच नव्हता. इंग्रजीचे ४० पैकी १९ बरोबर होते. ही उणीव खरी होती आणि ती एका रात्रीत भरून येणारी नव्हती. म्हणजे तिच्या अपयशाची तीन कारणे निघाली: नियमाचे अज्ञान, घड्याळ लावून सराव न करणे, आणि इंग्रजीचे वाचन कमी असणे. पहिले कारण एका दिवसात दूर होते, दुसरे एका महिन्यात, तिसऱ्याला वर्ष लागते. जे संकट आठ दिवस घरावर काळ्या ढगासारखे बसले होते, ते एका पानावर तीन ओळींत मावले. माझी प्रत्येक विद्यार्थ्याला विनंती आहे की, त्याने असे एक पान लिहावे. सोडून दिलेले किती, ठाऊक असून चुकलेले किती, आणि ठाऊकच नव्हते असे किती, एवढे तीन आकडे काढावेत. रडावयाचे असेल तर पहिल्या दिवशी रडावे. त्यात कमीपणा नाही. पण ते पान आठवडा संपण्यापूर्वी लिहावे.

आता या परीक्षांकडे जरा दुरून पाहू. काही लोकांना वाटते की, प्रवेशपरीक्षा म्हणजे मनुष्याची बुद्धी तोलणारा सोनाराचा काटा आहे. तसे नाही. अमेरिकेत कायद्याच्या महाविद्यालयांसाठी १९४८ पासून एलसॅट नावाची परीक्षा घेतली जाते. तिचे गुण १२० ते १८० या पट्ट्यात देतात. ती घेणारी संस्था गुणांबरोबर एक लहानसा पट्टाही कळविते आणि सांगते की, विद्यार्थ्याची खरी योग्यता या पट्ट्यात कोठेतरी असावी. म्हणजे एका आकड्याला ती स्वतःच अंतिम सत्य मानीत नाही. त्या परीक्षेत आकृत्या काढून सोडवावयाच्या कोड्यांचा एक विभाग होता. आम्हांला आकृती काढता येत नाही, म्हणून हा विभाग आमच्यावर अन्याय करितो, असे दृष्टिहीन परीक्षार्थींनी न्यायालयात सांगितले. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट २०२४ पासून तो विभाग परीक्षेतून गेला. वर्षानुवर्षे ज्या विभागाने कित्येकांना कमी ठरविले, तो विभागच शेवटी अनावश्यक ठरला.

आपल्याकडेही तसेच आहे. क्लॅट २००८ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये तिचे स्वरूप बदलून उताऱ्यांवर आधारित झाले. पुढे १५० प्रश्नांचे १२० झाले. ती इंग्रजीत होते. ज्या मुलाने बारावीपर्यंत मराठीत शिक्षण घेतले त्याला दोन तासांत इंग्रजी उतारे वाचून उत्तरे द्यावी लागतात, तेव्हा त्याच्या न्यायबुद्धीबरोबर त्याच्या शाळेचीही परीक्षा होत असते. राज्याच्या परीक्षेत प्रश्न मराठीतही असतात, परंतु इंग्रजीचा विभाग तेथेही आहेच. हे मी सबब म्हणून सांगत नाही. इंग्रजी आली पाहिजे, कारण उच्च न्यायालयाचे काम इंग्रजीत चालते. पण जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि आपल्या लोकांचे बहुतेक खटले तेथेच उभे राहतात, हेही विसरू नये.

मित्रहो, परमपूज्य बाबासाहेबांचे नाव आपण प्रत्येक सभेत घेतो. आज मी त्यांच्या आयुष्यातील असे दोन प्रसंग सांगणार आहे की, ज्यांचा उल्लेख जयंतीच्या मिरवणुकीत होत नाही. १९०७ मध्ये ते एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. त्यांना किती गुण होते? ७५० पैकी २८२. टक्क्यांत काढले तर ३८ देखील भरत नाहीत. संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा असता त्यांना ते शिकू दिले गेले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतील एका लहानशा खोलीत सारे कुटुंब राहत होते आणि तेथेच अभ्यास होत होता. त्या काळी अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी गोष्ट होती, म्हणून त्यांचे अभिनंदन करण्यासाठी सभा भरली. सभेचे अध्यक्ष सीताराम केशव बोले होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. त्या सभेतील कोणी २८२ या आकड्यावरून त्या मुलाचे भविष्य वर्तविले असते तर ते किती चुकले असते! केळुसकर गुरुजींनी आकडा पाहिला नाही, मुलगा पाहिला. आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे त्याची शिफारसही त्यांनीच केली.

दुसरा प्रसंग याहूनही बोलका आहे. १९२२ साली बाबासाहेब लंडनमध्ये बॅरिस्टर झाले होते आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध त्यांनी डी.एस्सी. पदवीसाठी सादर केला होता. १९२३ च्या मार्चमध्ये परीक्षकांनी तो फेरलेखनासाठी परत पाठविला. कोलंबियाची पदवी, ग्रेज इनची सनद, एवढे सर्व पदरी असताना परीक्षकाचा नकार आला. जवळचे पैसे संपले होते, लंडनमध्ये राहून प्रबंध पुन्हा लिहिणे शक्य नव्हते. ते मुंबईस परतले, येथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला, पाठविला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पदवी मिळविली. त्यांनी आपले निष्कर्ष सोडले नाहीत, मांडणी सुधारली. परत आलेल्या कागदाशी कसे वागावे याचा हा धडा आहे. तो कागद त्यांनी फाडला नाही, डोक्याला लावून बसलेही नाहीत; टेबलावर ठेविला आणि कामाला लागले.

मात्र येथे एक इशारा देणे मला अवश्य वाटते. "बाबासाहेबांनाही कमी गुण होते," असे म्हणून कोणी पाय पसरून बसेल तर तो त्यांचे नाव घेण्यास पात्र नाही. २८२ गुणांनंतर त्यांनी काय केले, तेथे या गोष्टीचा अर्थ आहे.

आता पुढे काय करावे, हा व्यवहाराचा प्रश्न. पहिली गोष्ट अशी की, कमी पर्सेंटाइल म्हणजे प्रवेश नाही, असे स्वतःच ठरवून अर्ज भरावयाचे सोडू नका. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत एकामागून एक फेऱ्या होतात, आणि मोठ्या शहरातील नामांकित महाविद्यालयाची यादी जेथे थांबते तेथे जिल्ह्याच्या महाविद्यालयाची थांबत नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे पात्रतेसाठी आधीच्या परीक्षेत सर्वसाधारण वर्गाला ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण पुरतात. महाविद्यालय निवडताना त्याला बार कौन्सिलची मान्यता आहे की नाही, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पहा. आणि "पैसे द्या, गुण वाढवून देतो, जागा मिळवून देतो," असे सांगणारा मनुष्य दारात आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. मी अनुभवाने सांगतो की, आपल्या मुलांच्या जागा गुणांनी जातात त्याप्रमाणे कागदांनीही जातात. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना अनुसूचित जातींच्या घटनात्मक सवलती केंद्राकडून मिळण्यास १९९० ची दुरुस्ती व्हावी लागली. म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षे त्यासाठी झगडावे लागले. एवढ्या झगड्याने मिळालेला हक्क दाखला वेळेवर न काढल्यामुळे गमवावा, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा तर जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. शाळेच्या दाखल्यावर एक नोंद, आजोबांच्या दाखल्यावर दुसरी, असे असेल तर समितीपुढे खुलासा करण्यात महिने जातात. तेव्हा परीक्षेचा अर्ज भरता त्याच दिवशी वैधतेच्या कामालाही लागा. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. त्यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात जाऊन करा, कानोकानी ऐकलेल्या माहितीवर विसंबू नका.

तिसरी गोष्ट, पुन्हा परीक्षा द्यावी की नाही? याचे उत्तर त्या एका पानावर आहे. ज्याचे गुण नियमाच्या अज्ञानाने व सरावाअभावी गेले, त्याने दुसऱ्यांदा बसण्यात अर्थ आहे. पण नुसते वर्ष घालवून तोच अभ्यास त्याच रीतीने करावयाचा असेल तर निकालही तसाच येईल. बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली नाही तर पदवी घेऊन तीन वर्षांचा मार्ग मोकळा असतो. त्यासाठी आज या परीक्षांना वयाची कमाल मर्यादाही नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ गिरणीतील नोकरी सुटल्यावर, चाळिशी उलटल्यावर कायदा शिकले, आणि आज कामगारांचेच खटले चालवितात.

आणि शेवटी दरवाजा एकच आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेला असो की तालुक्याच्या महाविद्यालयातून, वकिली करण्यासाठी दोघांनाही तीच अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. सनदेच्या शुल्काची भीतीही आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. राज्याराज्यांच्या बार कौन्सिली नोंदणीसाठी हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अधिवक्ता अधिनियमात लिहिले आहे तेवढेच शुल्क घ्यावे, म्हणजे सर्वसाधारण वर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये. स्वतः बाबासाहेबांना १९२३ मध्ये सनदेसाठी नवल भथेना या मित्राची मदत घ्यावी लागली होती, हे आठवले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. २०२५ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झालेले भूषण गवई हे अमरावतीचे. १९८५ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा देशात आजच्यासारखे एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झालेले नव्हते. तेव्हा अमुक एका संस्थेत प्रवेश मिळाला नाही म्हणजे न्यायाच्या क्षेत्रात आपल्याला स्थान नाही, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

पालकांना मी हात जोडून काही सांगतो. तुम्ही रात्रपाळी करून, दागिना गहाण ठेवून फी भरली, हे मुलांना ठाऊक आहे. ते त्यांना पुन्हा ऐकविण्याची गरज नाही. ते त्यांच्या छातीवर आधीच दगडासारखे आहे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नका. मुलगी असली तर एका परीक्षेच्या निकालावर तिचे लग्न ठरवू नका. मुलगा नापास झाला असता तर त्याला दुसरी संधी दिली असती की नाही, हे स्वतःला विचारा. आणि मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, कोणाशी बोलेनासे झाले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका, ते नाटक समजू नका, आणि अंगारा-धुपाऱ्याकडेही जाऊ नका. वैद्याकडे न्या. सरकारने २०२२ पासून टेलिमानस ही सेवा सुरू केली आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, पैसे न पडता, मराठीतून बोलता येते. गेलेले वर्ष भरून काढता येते, गेलेले लेकरू परत येत नाही.

विद्यार्थ्यांना मला एकच प्रश्न विचारावयाचा आहे. तुम्हांला कायदा कशासाठी शिकावयाचा आहे? त्या मुलीलाही मी हेच विचारले होते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरी आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. त्यात जमिनीचे कागद आहेत. ते कोणालाच वाचता येत नाहीत. मला ते वाचावयाचे आहेत." जमीन महार वतनाची होती, सरकारी दप्तरातील भाषेत सहा-ब वर्गाची. १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली आणि ठराविक रक्कम भरून जमीन वतनदाराला परत देण्याची तरतूद झाली. पण अशी जमीन नव्या शर्तीची; जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून ती विकता येत नाही. ही शर्त किती घरांना ठाऊक होती? कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन किती जमिनी गेल्या, ते आमच्या न्यायालयातील दप्तरे सांगतात.

मी तिला म्हटले, "मुली, या पेटीने तुला गुण विचारलेले नाहीत. कोणीतरी ती उघडून वाचावी, एवढीच तिची मागणी आहे. तू अर्ज भर." तिने भरला. मोठ्या शहरातील महाविद्यालय मिळाले नाही. तिसऱ्या फेरीत जिल्ह्याच्या ठिकाणी जागा मिळाली. इंग्रजीसाठी तिने रोज एका निकालपत्राचे एक पान वाचण्याचा नेम धरला. पहिले सहा महिने एका पानाला तास लागत असे. आज ती दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात ती सातबाऱ्याचे व फेरफारांचे उतारे घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा तिचे वडील बरोबर होते. तिने फेरफाराची एक जुनी नोंद बोटाने दाखविली आणि वडिलांना वाचून सांगितले की, या विक्रीला परवानगी घेतल्याचे येथे कोठेही लिहिलेले नाही. वडिलांनी दोनदा विचारले, "असे लिहिले आहे? नक्की असेच लिहिले आहे?" ती म्हणाली, "होय, आबा. मी वाचले आहे." त्या खटल्याचे पुढे काय होईल हे मी आज सांगू शकत नाही, मुदतीचे, पुराव्याचे अनेक प्रश्न आहेत. पण पिढ्यानपिढ्या मुकी राहिलेली ती पेटी त्या दिवशी बोलली, एवढे मात्र खरे.

बंधू-भगिनींनो, मला वाटते की, आपल्या प्रत्येक वस्तीत ज्यांनी अशी परीक्षा दिली आहे, मग ती उत्तीर्ण असो वा अनुत्तीर्ण, त्यांनी पुढच्या वर्षी बसणाऱ्या मुलांना एक रविवार द्यावा. चुकीला गुण कापतात की नाही, पर्सेंटाइल म्हणजे काय, वैधतेचा अर्ज केव्हा करावा, एवढे जरी त्यांनी सांगितले तरी त्या मुलीसारखे सव्वीस प्रश्न कोणी रिकामे सोडणार नाही. विहारातील वंदनेनंतर अर्धा तास यासाठी राखून ठेवणे अवघड नाही. ज्याला कमी गुण मिळाले तो या कामी अधिक उपयोगी पडेल, कारण खड्डा कोठे आहे हे त्याला ठाऊक आहे. माझे म्हणणे मान्य असेल त्यांनी सभा संपल्यावर आपली नावे मजकडे द्यावीत. आणि ज्या विद्यार्थ्यांनी आपला उत्तरांचा तक्ता अजून उघडलेला नाही, त्यांनी आज घरी गेल्यावर वडिलांना शेजारी बसवून तो उघडावा.

एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

जयभीम!